प्रश्नवही


भगवती सूत्रात गौतमस्वामी विचारतात आणि भगवान महावीर उत्तर देतात. परंपरेने त्यातील प्रश्न ३६,००० मानले आहेत. गणधरांना विचारण्यात कमीपणा वाटला नाही. मग आपल्या मुलाने ‘पाणी गाळूनच का प्यायचे?’ असे विचारले, तर तो उद्धटपणा कसा?

त्याला गप्प करू नये. तयार उत्तरही देऊ नये. तळ्याच्या पाण्याचे गाळण्यापूर्वीचे व नंतरचे थेंब शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्याला पाहू द्यावेत. गाळलेल्या थेंबातही काही हलताना दिसले, तर पाणी उकळण्याविषयीचा प्रश्न तो स्वतःच विचारील. प्रदर्शनासाठी पालकांनी करून दिलेल्या प्रकल्पापेक्षा त्याच्या वहीतील ही नोंद मोलाची आहे.

सुवर्णमहोत्सवानिमित्त घरोघरी मुलांच्या हाती अशी एक प्रश्नवही द्यावी, ही विनंती.