रक्त उडत येईल, पण बाई?



ड्रोननं सामान पोचवणं खरंच जमण्यासारखं आहे का, असं मला पाड्यांवरच्या बैठकांत बायका विचारतात.

जमतं. आफ्रिकेतल्या रवांडात २०१६ पासून रक्ताच्या पिशव्या ड्रोननं दवाखान्यांत पोचतात. बाळंतपणात रक्तस्राव थांबेना, की मिनिटामिनिटाला मोल असतं. आपल्याकडेही डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावी करोना लसीचे ३०० डोस ड्रोननं गेले. सुमारे २० किलोमीटर, दहाएक मिनिटांत.

पण रवांडातला तो ड्रोन पावणेदोन किलोच्या आसपास वजन नेतो. अडलेल्या बाईला नेत नाही. तिला आजही कित्येक पाड्यांवरून डोलीतच न्यावं लागतं. शिवाय तिथं पिशवी पॅराशूटनं उतरते, तेव्हा ती घेऊन रक्त चढवणारी शिकलेली माणसं खाली हजर असतात. आपल्या केंद्राला रात्री कुलूप असलं, तर पिशवी कुणाच्या हाती पडणार?

ड्रोन जरूर येऊ दे. पण ग्रामसभेत त्याचं कौतुक निघालं, की आपण उठून विचारायचं : रात्री नर्स असेल का? पाड्यापर्यंत रस्ता कधी होणार?