सज्ञान माणूस हरवतो तेव्हा

वर्धा जिल्ह्यात मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई हे दोन मोठे लोहमार्ग एकत्र येतात. सेवाग्राम स्थानकात गाडीत चढलेला स्मृतिभ्रंशाचा रुग्ण रात्र सरण्यापूर्वी परराज्यात पोचू शकतो. त्याचा शोध मात्र अनेकदा ठाण्याच्या नोंदवहीतच अडकून पडतो.

बालकांच्या बाबतीत १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, बालक हरवल्याची तक्रार येताच गुन्हा नोंदवावा आणि अपहरण वा मानवी व्यापार गृहीत धरून तपास करावा. अठरा वर्षे पूर्ण होताच हे कवच गळून पडते. २०१९ ते २०२१ या काळात महाराष्ट्रात १,७८,४०० सज्ञान स्त्रिया बेपत्ता झाल्याचे केंद्र सरकारने २०२३ मध्ये संसदेत सांगितले. त्यांतील कित्येकजणी परतल्या असतील; पण कोण संकटात होती आणि कोण स्वेच्छेने गेली, हे या आकड्यावरून कळत नाही.

खरा प्रश्न हाच आहे. सज्ञान व्यक्तीला घर सोडण्याचा हक्क आहे. नवऱ्याच्या मारहाणीतून सुटलेल्या किंवा जातीबाहेर लग्न केलेल्या स्त्रीचे छायाचित्र चौकाचौकांत लावणे म्हणजे तिला पुन्हा त्याच हातांत सोपविणे होय. अमेरिकेने २०१८ मध्ये १८ ते ६४ वयाच्या व्यक्तींसाठी ‘अशांती अ‍ॅलर्ट’चा कायदा केला. त्यातही शारीरिक वा मानसिक अपंगत्व, जिवाचा धोका, अपहरणाचा संशय अशा कसोट्या आहेत.

आपल्याकडे साधनांची वाण नाही. २०२३ मध्ये आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी म्हणून असंख्य मोबाइल एकाच वेळी वाजविण्यात आले. वाण आहे ती समतेची. ऐपत असलेला वृत्तपत्रात जाहिरात देतो. शेतमजूर मजुरी बुडवून ठाण्याच्या पायऱ्या झिजवतो. माणसाचा शोध ही विकत घेण्याची वस्तू होता कामा नये.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. तक्रार तत्काळ नोंदवावी. चोवीस तास थांबण्याचा नियम कोणत्याही कायद्यात नाही. रुग्ण, वृद्ध, अपंग किंवा धोक्यातील व्यक्तीची सूचना रेल्वे पोलीस, रुग्णालये आणि शेजारच्या जिल्ह्यांना त्याच दिवशी जावी. सापडलेल्या व्यक्तीची इच्छा नसेल, तर कुटुंबाला तिची खुशाली कळवावी, पत्ता कळवू नये.

तोवर कार्यकर्त्यांनी तक्रारदारासोबत ठाण्यात जावे. इशारा देणारी यंत्रणा हवीच. मात्र तिने संकटातील माणूस शोधावा, घरचा हुकूम मोडणारा नव्हे.