मंद ताऱ्याचा मेघ



सूर्यासारखा तारा म्हातारा झाला,
की आपले बाहेरचे थर अवकाशात सोडून देतो.
त्या वायूचा उजळलेला मेघ
म्हणजे ग्रहीय तेजोमेघ.
ग्रहांशी त्याचा संबंध नाही बरं का!

दक्षिण आकाशात असाच एक आहे,
सदर्न रिंग.
त्याच्या मधोमध दोन तारे.
एक तेजस्वी, एक मंद.
मेघ कुणाचा?
मंद ताऱ्याचा!

२०२२च्या जुलैत
जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीची छायाचित्रं आली.
ही दुर्बीण अवरक्त किरण टिपते.
त्या किरणांत कोमट धूळही उजळते.
म्हणूनच प्रथमच कळलं,
की तो मंद तारा धुळीनं वेढलेला आहे.
किती विलक्षण!

पुन्हा सांगते,
मेघ त्या मंद ताऱ्याचा.
शेजारच्या तेजस्वी ताऱ्याची पाळी अजून यायची आहे.
पुढे तोही बहुधा असाच मेघ सोडेल.