गोचीड घोड्यावर कमी, तबेल्यात जास्त

१८८३ साली रोनाल्ड रॉस नावाचा एक तरुण लष्करी डॉक्टर बंगळूरच्या छावणीत हंगामी सर्जन म्हणून आला. राहायला बंगला चांगला मिळाला, पण डासांनी त्याला हैराण केलं. खिडकीबाहेर पाण्याचं एक पिंप होतं आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. त्याने पिंप उपडं केलं, खोलीतले डास गेले. मेसमधली पिंपंही अशीच रिकामी करावीत असं त्याने तिथल्या अधिकाऱ्याला सुचवलं, तर निसर्गाच्या व्यवस्थेत ढवळाढवळ नको म्हणून अधिकाऱ्याने ती सूचना उडवून लावली. हाच रॉस पुढे १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू शोधणार होता आणि १९०२ चं नोबेल मिळवणार होता.

घोड्याच्या गोचिडीवर बोलताना डासांची ही गोष्ट आधी सांगायची, कारण चूक तीच होते. गोचीड दिसते घोड्यावर, म्हणून सगळं लक्ष घोड्यावर. औषध घोड्याला, चिमटा घोड्याला, वैताग घोड्यावर. पिंप मात्र तसंच भरलेलं राहतं.

रॉसच्या शोधाआधी चार वर्षं, १८९३ मध्ये, थिओबाल्ड स्मिथ आणि एफ. एल. किलबोर्न या अमेरिकन संशोधकांनी गुरांचा टेक्सास ताप गोचिडीतून पसरतो हे सिद्ध केलं होतं. रक्त पिणारा जीव एका जनावराचा रोग दुसऱ्यात नेतो, याच्या पहिल्या भक्कम पुराव्यांपैकी हा एक. म्हणजे या शास्त्राच्या पायाशी हिवतापाच्या डासाच्याही आधी गोचीड बसलेली आहे.

तिचा जन्मक्रम एकदा नीट समजून घेतला की पुढचे सगळे उपाय आपोआप सुचतात. मादी पोटभर रक्त प्यायली की स्वतःहून गळून पडते. प्यायच्या आधी चपटी, तपकिरी. प्यायल्यावर एरंडाच्या बीसारखी टच्च फुगलेली. पडल्यावर ती भिंतीच्या भेगेत, गव्हाणीच्या फळीखाली, कुंपणाजवळच्या गवताच्या बुडख्याशी शिरते, हजारो अंडी घालते आणि मरते. अंड्यांतून सहा पायांची पिल्लं निघतात. ती रक्त पितात, कात टाकतात, आठ पायांची होतात, पुन्हा पितात, पुन्हा कात टाकतात आणि मग प्रौढ होतात. गुरांवर सर्वत्र आढळणारी ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस ही जात या सगळ्या अवस्था सुमारे तीन आठवड्यांत एकाच जनावरावर उरकते. हायलोमा जातीच्या गोचिडी मात्र मध्येच खाली उतरतात, कात टाकतात आणि दुसरं जनावर गाठतात. अशा गोचिडीच्या आयुष्यातले जनावराच्या अंगावरचे दिवस थोडे. बाकीचा काळ ती वाट पाहत असते, आणि प्रौढ गोचीड उपाशीपोटी महिनोन्‌महिने तग धरू शकते. तिच्या पुढच्या पायांच्या टोकाशी हॅलरचं इंद्रिय असतं. जनावराच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब, वास हे सगळं तिला त्यातून कळतं. म्हणून रिकामा तबेला तिला पुष्कळ दिवस परवडतो, आणि नवा घोडा आत आला की ती जागी होते.

आता बंगळूर. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून उंच, ना कडाक्याची थंडी, ना विदर्भासारखा उन्हाळा. माणसाला सुखाची वाटणारी ही हवा गोचिडीलाही मानवते. उत्तरेत हिवाळ्यात तिला जो खंड पडतो, तो इथे फारसा पडत नाही. पावसाळा जूनपासून लांबतो, त्यानंतर गवत वाढतं आणि त्या गवतात पिल्लांचे घोस टोकाशी येऊन बसतात.

आणि या शहरात घोडे पुष्कळ. शहराच्या मध्यावर रेसकोर्स, आर्मी सर्व्हिस कोअरच्या केंद्रातले घोडेस्वार, बाहेरच्या बाजूला रायडिंग स्कूल, सत्तरेक किलोमीटरवर कुणिगलचा जुना स्टड फार्म, जिथे टिपूच्या घोडदळाची घोडी वाढत असं सांगतात. शिवाय लग्नाच्या वरातीतली घोडी आणि एकेकाळी रस्तोरस्ती धावणाऱ्या जटक्यांची, म्हणजे टांग्यांची, उरलीसुरली तट्टं. मराठी माणसाला या गावच्या घोड्यांशी नातं सांगायला फार लांब जावं लागत नाही. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होतं, आणि मराठ्यांच्या पागांमधली दख्खनी तट्टं भीमेच्या खोऱ्यातली. तेच भीमथडी घोडं आता २०२४ पासून स्वतंत्र जात म्हणून सरकारदरबारी नोंदलं गेलं आहे.

शर्यतीचे घोडे एका जागी राहत नाहीत हा आणखी एक मुद्दा. मुंबईचा हंगाम संपतो, पुण्याचा सुरू होतो. बंगळूर, म्हैसूर, हैदराबाद, चेन्नई अशी त्यांची वर्षभर ये-जा चालते. घोडा गाडीतून उतरतो तेव्हा त्याच्याबरोबर कानात, आयाळीत, शेपटीच्या मुळाशी कोण उतरतं हे पाहणं मोतद्दाराच्या हातात असतं.

हात हाच शब्द इथे खरा. गोचीड डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त सापडते. जाणता मोतद्दार सकाळचा खरारा सुरू करण्याआधी उघड्या बोटांनी घोडा चाचपतो. आधी आयाळीच्या मुळाशी उलट दिशेने बोटं, मग कानाच्या बुडाशी, जबड्याखाली, पुढच्या पायांच्या काखेत, मागच्या मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि शेवटी शेपूट उचलून तिच्या खालच्या उघड्या कातडीवर. मसुराएवढी घट्ट गाठ लागली की तो केस बाजूला करून पाहतो. खरारा आणि ब्रश हे त्यानंतर. आधी खरारा चालवला तर अर्धी गोचीड तुटते आणि तिचं तोंड कातडीत राहतं.

तोंडच अडचणीचं. त्याला मागे वळलेले काटे असतात आणि बऱ्याच जाती भोवती सिमेंटसारखा चिकट पदार्थही सोडतात. काढायची तर टोकदार चिमट्याने, कातडीला लागून धरून, सावकाश सरळ ओढून काढायची. पिळायची नाही, झटका द्यायचा नाही. रॉकेल, व्हॅसलीन, पेटती काडी हे उपाय घरोघर सांगितले जातात आणि ते घातक आहेत. गुदमरलेली किंवा भाजलेली गोचीड आपली लाळ जखमेत सोडते, आणि रोगाचे जंतू त्याच लाळेत असतात. काढलेली गोचीड बोटांनी चिरडायची नाही. स्पिरिट असलेल्या बाटलीत टाकायची.

कानातल्या गोचिडीचं प्रकरण वेगळं आहे. ओटोबियस मेग्निनी नावाच्या मऊ पाठीच्या गोचिडीची पिल्लं घोड्याच्या कानात खोल बसून महिनोन्‌महिने राहतात. प्रौढ मात्र रक्त पीतच नाही. ती भिंतीच्या भेगांत राहते आणि तिथेच अंडी घालते. श्रीलंकेतल्या नुवारा एलियाच्या रेसकोर्सवरच्या घोड्यांमध्ये ती सापडली आहे. असा घोडा डोकं झटकतो, कानाला हात लावू देत नाही, लगाम चढवताना मागे सरतो. त्याला लोक खोडकर ठरवतात, कधी मारही बसतो. कानात टॉर्च टाकून पाहिलं असतं तर त्या जनावराचा त्रास तिथेच संपला असता, हे मनाला लागतं.

औषधांबद्दल एक गोष्ट मात्र ठासून सांगायला हवी. गाईम्हशींच्या गोचिडीसाठी बाजारात सर्रास मिळणारं अमिट्राझ घोड्याला लावू नये. त्याने घोड्याच्या आतड्यांची हालचाल मंदावते, लीद अडकते आणि जीवघेणा पोटशूळ उठतो. गोठा आणि तबेला शेजारी असतील तर हा अपघात सहज होतो. फवारणीचा पंप तोच, बाटलीही तीच. घोड्यावर परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन यांसारखी औषधं पशुवैद्याच्या सल्ल्याने, सांगितलेल्या प्रमाणातच वापरायची. पैसे वाचवायला औषध पातळ केलं की कमजोर गोचिडी मरतात, चिवट उरतात आणि पुढची सगळी पिढी चिवटांची येते. भारतात अनेक ठिकाणी गुरांवरच्या गोचिडी या औषधांना जुमानेनाशा झाल्या आहेत, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

पण खरं काम भिंतींवर. भेगा सिमेंटने बुजवणं, चुन्याचा हात देणं, गव्हाणीच्या फळ्या वर्षातून एकदा काढून मागे पाहणं, जुनं अंथरूण तबेल्यापासून लांब नेणं, पॅडॉकच्या कडेचं गवत कापून उन्हाला वाव देणं, गुरं आणि घोडी एका कुरणात न सोडणं. बाहेरून आलेला घोडा दोन-तीन आठवडे वेगळा बांधणं. यातल्या एकाही कामाला महागडं औषध लागत नाही, आणि म्हणूनच कदाचित ती टाळली जातात. फवारणीचं बिल मालकाला दाखवता येतं. बुजवलेली भेग कोणाला दिसत नाही.

हे सगळं करायचं कशासाठी? खाज आणि जखमा तर आहेतच, पण गोचीड घोड्याला पायरोप्लाझ्मोसिस देते, ही मोठी भीती. थायलेरिया इक्वी आणि बॅबेसिया कॅबॅली हे दोन जंतू तांबड्या पेशींत शिरून त्या फोडतात. घोड्याला सणकून ताप येतो, चंदी तशीच राहते, पापणीची आतली कातडी फिकट किंवा पिवळी पडते, लघवी तांबूस-तपकिरी होते. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून रंगवला तर थायलेरियाचे चार ठिपके एका पेशीत क्रॉससारखे मांडलेले दिसतात. काचपट्टी आवश्यकच, कारण ताप आणि रक्तक्षय सर्रा रोगातही असतो. तो जंतू ग्रिफिथ इव्हान्सने १८८० मध्ये शोधला; पुण्यात १८८९ साली स्थापन झालेल्या इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीत आल्फ्रेड लिंगार्डने त्याचा अभ्यास केला. सर्रा पसरवते ती घोडमाशी. उपचार पूर्ण वेगळे, त्यामुळे अंदाजाने सुई टोचणं धोक्याचं. पायरोप्लाझ्मोसिसवरच्या इमिडोकार्बने घोड्याला घाम, लाळ, पोटशूळ असा त्रास होऊ शकतो, आणि गाढवं-खेचरं त्याला जास्तच नाजूक.

बरा झालेला घोडाही थायलेरियाचा जंतू बहुधा जन्मभर बाळगतो. गाभण घोडीकडून तो पोटातल्या शिंगरापर्यंतही जातो. आपल्याकडे हा जंतू मुरलेला आहे, बरेच घोडे तो घेऊन सुखाने जगतात. म्हणून तपासणीत दोषी निघालेल्या प्रत्येक घोड्यावर औषधांचा मारा करणं शहाणपणाचं नाही. जिथे हा जंतू मुरलेला नाही, त्या अमेरिका, ऑस्ट्रेलियासारख्या देशांचा हिशेब वेगळा. टेक्सासमधल्या एका रांचवर २००९ मध्ये शेकडो घोडे थायलेरियाग्रस्त निघाले आणि तिथे मोठी धावपळ उडाली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकला बाहेरचे दोषी घोडे खास अटींवर, वेगळे ठेवूनच येऊ दिले गेले.

याचा फटका थेट बंगळूरलाही बसतो. इथला घोडेस्वार फवाद मिर्झा टोकियो ऑलिंपिकला इव्हेंटिंगमध्ये उतरला, पण त्याचा सराव आणि त्याचा घोडा दोन्ही जर्मनीत. २०२३ च्या हांगझो आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण मिळवणारे आपले चौघेही युरोपात सराव करणारे होते. भारतातला घोडा थेट युरोपात नेणं अवघड. त्यामागे अनेक रोगांची यादी आहे आणि पायरोप्लाझ्मोसिस तिच्यात आहे. जुलै २०२५ मध्ये मेरठ छावणीतल्या रिमाउंट व्हेटरनरी कोअरच्या केंद्राला देशातलं पहिलं अश्वरोगमुक्त आवार म्हणून जागतिक पशुआरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. ज्या रोगांपासून ते मुक्त ठरलं, त्यांत पायरोप्लाझ्मोसिस, सर्रा आणि ग्लँडर्स आहेत. अशी आवारं दक्षिणेत, बंगळूरला उभी राहायला हवीत.

शेवटी माणसाबद्दल. १९५७ साली शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात सापडलेला आणि पुढे सत्तरी, दोडामार्ग, बांद्यापर्यंत पोहोचलेला माकडताप वेगळ्या, जंगली गोचिडीतून येतो. घोड्यांचा त्यात दोष नाही. क्रिमियन-काँगो ताप मात्र हायलोमा गोचिडीतून पसरतो. भारतात त्याची पहिली खात्रीशीर नोंद जानेवारी २०११ मध्ये अहमदाबादजवळ झाली आणि निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने केलं. म्हणून तबेल्यात रबरी हातमोजे असावेत, आणि मोतद्दाराला ताप आला तर त्याने डॉक्टरला आपला धंदा सांगावा, मागच्या आठवड्यात गोचिडी काढल्या हेही सांगावं. ज्याच्याकडे वरातीची एकच घोडी आहे आणि फवारणीचे पैसे नाहीत, त्यानेही सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात तिच्या रक्ताची काचपट्टी करून घ्यावी, आणि तिच्या खोपटाच्या भिंतीतल्या भेगा येत्या रविवारी लिंपून टाकाव्यात.