बुडीत रेषेच्या वर राहणाऱ्यांचं काय?

(पावसाळ्यानंतरच्या शिबिरात संघटनेच्या वतीने झालेल्या भाषणाचा हा मजकूर. जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी छापत आहोत. पाड्यावर बसून मोठ्याने वाचून दाखवावा.)



वनहक्काच्या दाव्यांचं बोलणं उद्या सकाळी आहे, त्यामुळे आज सातबारा आणि पट्टे बाजूला ठेवू. आज बोलायचंय ते आपल्या डोक्यावर उभ्या असलेल्या डोंगराबद्दल.

श्रावणात वरच्या पाड्यामागे जी भेग पडली ती तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी जाऊन पाहिली आहे. नाचणीच्या वरकस जमिनीत हात जाईल एवढी रुंद, आणि पन्नास-साठ पावलं लांब. तिच्या बरोबर खाली धरणाच्या कामाचा नवा रस्ता डोंगराचा पाय कापून गेलाय. त्याच्या पलीकडे खाण आहे, तिथे दुपारी सुरुंग उडतात आणि आपल्या चुलीवरची भांडी वाजतात.

आम्ही पाच जण कार्यालयात गेलो. साहेबांनी नकाशा पसरला, बोट ठेवलं. म्हणाले, "ही बुडीत रेषा. तुमचा पाडा रेषेच्या वर आहे. पाणी तुमच्यापर्यंत येणार नाही. तुम्ही बाधित नाही." आम्ही म्हटलं, साहेब, पाणी वर येईल म्हणून आम्ही आलोच नाही. आम्ही पाण्यात जाऊ म्हणून आलोय. साहेब म्हणाले, हा विषय आमच्याकडे नाही. रस्त्याचं विचारलं तर ठेकेदाराकडे बोट. ठेकेदाराने पुन्हा साहेबांकडे.

त्या दिवसापासून आम्ही एकाच प्रश्नाच्या मागे लागलोय. बुडीत रेषा आखली ती पाणी किती उंच चढेल ते पाहून. तिच्या वरचा डोंगर जागेवर राहील का, हे कोणी पाहिलं?

आधी हे समजून घेऊ की धरणामुळे डोंगर हलतो म्हणजे काय होतं. यातलं बहुतेक आपल्याला शेतावरून ठाऊक आहे.

पहिली गोष्ट, पाय कापणं. बांधाच्या तळातून माती काढली की वरचा बांध बसतो. रस्त्यासाठी, खाणीसाठी, पाया खोदण्यासाठी डोंगराचा पाय कापला, की वरच्या मातीचा आधार जातो. त्यात सुरुंगाचे हादरे. आणि कापून काढलेला राडारोडा टाकला कुठे, तर पुढच्या उतारावर नाहीतर नदीत. २०१३ सालच्या जूनमध्ये उत्तराखंडात महापूर आला, तेव्हा श्रीनगर गावात एका जलविद्युत प्रकल्पाच्या अशाच ढिगांचा गाळ घराघरात भरला होता.

दुसरी गोष्ट, पाय भिजणं. आपल्याकडचा कातळ काळा आणि पक्का, हे साहेबांचं म्हणणं खरंच आहे. पण आपण कातळावर राहत नाही. कातळावर जो मुरूम, माती, दगडगोटे साठलेत त्यावर राहतो. शिवाय दोन कातळांच्या थरांमध्ये कुठे कुठे तांबूस, गेरूसारखा मऊ थर असतो. आपले झरे बऱ्याचदा तिथेच फुटतात. हे सगळं कोरडं आहे तोवर एकमेकांना धरून असतं. धरणाचं पाणी चढलं की जो पायथा पूर्वी उन्हाळ्यात वाळायचा तो महिनोन्‌महिने पाण्यात राहतो. आणि आपली धरणं भरतात कधी? आषाढ-श्रावणात. म्हणजे वरून डोंगर पावसाने जड झालेला असतो, नेमका तेव्हाच खालून पाय भिजतो.

तिसरी गोष्ट सगळ्यांत कमी सांगितली जाते. पाणी उतरणं. कच्ची विहीर भरलेली असताना तिची कड टिकते. इंजिन लावून पाणी झपाट्याने उपसा, दुसऱ्या दिवशी कड आत पडलेली दिसते. कारण विहिरीतलं पाणी गेलं तरी मातीत मुरलेलं पाणी तिथेच असतं. ते आतून ढकलतं, आणि बाहेरून दाबून धरणारं कोणी उरत नाही. धरणाच्या काठच्या डोंगराचंही असंच आहे. पाणी चढताना धोका, आणि घाईने उतरवताना पुन्हा धोका.

आता एक दूरची गोष्ट सांगतो. इटली देशातली आहे, पण ऐकताना तुम्हाला परकी वाटणार नाही.

तिकडे आल्प्स डोंगरात वायोंत नावाच्या नदीच्या अरुंद घळीत एका वीज कंपनीने धरण बांधलं. उंची २६२ मीटर. १९६० साली पुरं झालं तेव्हा त्या घडणीचं जगातलं सर्वांत उंच धरण. डाव्या अंगाला मोंते तोक नावाचा डोंगर. तिकडच्या बोलीत त्या नावाचा अर्थ कुजका, भिजलेला असा लावतात. म्हणजे जुन्या माणसांनी नावातच सांगून ठेवलं होतं. आपल्याकडे नाही का ढासळकडा असली नावं असतात? उगाच नसतात.

एर्तो या गावच्या लोकांची त्या डोंगरावर शेतं आणि कुरणं होती. त्यांना भीती वाटत होती. त्यात १९५९ साली शेजारच्या खोऱ्यात, त्याच कंपनीच्या दुसऱ्या तलावात दरड कोसळली, एक कामगार गेला. तीना मेर्लिन नावाच्या एका बातमीदार बाईने गावकऱ्यांची भीती वर्तमानपत्रात लिहिली. तर खोट्या बातम्या पसरवून लोकांना भडकवते म्हणून तिच्यावरच खटला! १९६० साली ती निर्दोष सुटली.

त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला, तलाव भरत असताना, तोक डोंगराची सात लाख घनमीटर दरड पाण्यात आली. आणि वर डोंगरावर दोन किलोमीटर लांब भेग उघडली. आपली पन्नास पावलांची आहे, त्यांची दोन किलोमीटर.

आता कंपनीला माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही. तिने समोरच्या बाजूने डोंगरातून बोगदा खणला. कशासाठी? डोंगर येऊन तलावाचे दोन तुकडे झाले तरी पाणी वाहतं राहावं म्हणून. तलाव वाचवायचा बोगदा झाला. लोकांसाठी काय केलं? लहान नमुना बनवून प्रयोग केले आणि निष्कर्ष काढला की पाणी ७०० मीटर पातळीपर्यंत ठेवलं तर धोका नाही. तिथेही एक रेषाच आखली. पाणी चढवलं की डोंगर जास्त सरकतो, उतरवलं की कमी सरकतो, असं दिसलं होतं. म्हणून त्यांना वाटलं, डोंगराचा लगाम आपल्या हातात आहे.

१९६३ साली पाणी ७१० मीटरपर्यंत नेलं. डोंगर जोरात सरकू लागला. मग घाईने उतरवायला घेतलं. या वेळी लगाम लागला नाही. शेवटी शेवटी डोंगर दिवसाला वीतभर सरकत होता. ८ ऑक्टोबरला तोक डोंगरावरच्या लोकांना हलायला सांगितलं. समोरच्या काठावरच्या आणि धरणाखालच्या गावांना तसं सांगितलं नाही.

९ ऑक्टोबर १९६३. रात्री १० वाजून ३९ मिनिटं. सुमारे २७ कोटी घनमीटर डोंगर एकसंध तलावात उतरला. एका डंपरमध्ये दहा घनमीटर धरा, तर दोन कोटी सत्तर लाख डंपर. आणि तेही काही सेकंदांत. तलावातलं पाणी उसळून धरणाच्या माथ्यावरून शंभर मीटरहून उंच लाट खाली गेली. लोंगारोने गाव आणि आजूबाजूच्या वाड्या पुसल्या गेल्या. सुमारे दोन हजार माणसं मेली. त्या वेळी पाण्याची पातळी होती साधारण ७०० मीटर. जी रेषा सुरक्षित म्हणून आखली होती, तीच.

आणि धरण? धरण फुटलं नाही. माथ्याची थोडी मोडतोड झाली. ते आजही उभं आहे. म्हणून "आमचं धरण भक्कम आहे" असं कोणी सांगितलं तर आपण मान हलवायची आणि पुढचा प्रश्न विचारायचा. धरण भक्कम आहे, डोंगराचं काय?

कोणी म्हणेल, ही १९६३ सालची परदेशातली गोष्ट झाली. मग अलीकडचं घ्या. चीनमध्ये यांगत्से नदीवर तीन घळींचं प्रचंड धरण झालं. २००३ सालच्या जूनमध्ये पाणी १३५ मीटर पातळीला नेलं. १३ जुलैला एका उपनदीच्या काठी दोन कोटी चाळीस लाख घनमीटरची दरड आली. २४ माणसं गेली. पाणी चढून महिना-दीड महिनाच झाला होता, त्यात पाऊसही होता.

आणि आपल्या देशातलं टिहरी. भागीरथीवरचं २६० मीटर उंचीचं धरण. पाण्याची पूर्ण पातळी ८३० मीटर, आणि पुनर्वसनाची रेषा ८३५ मीटरला. रेषेच्या खालचे विस्थापित, वरचे सुरक्षित. २००५ साली बोगदे बंद करून तलाव भरायला घेतला. पुढच्या वर्षांत रेषेच्या वरच्या गावांत घरांना तडे जाऊ लागले, शेतं खचू लागली, रस्ते बसू लागले. ते लोक कागदावर बाधित नव्हते. त्यांनी मोर्चे काढले, अर्ज केले, कोर्टात गेले. शेवटी २०१३ साली उत्तराखंड सरकारला या रेषेवरच्या गावांच्या नुकसानीसाठी वेगळं धोरण करावं लागलं. म्हणजे जी गोष्ट आपल्याला कार्यालयात "आमच्याकडे नाही" म्हणून सांगितली, ती दुसऱ्या राज्याच्या सरकारने कागदावर मान्य केलेली आहे. पण तडे गेल्यावर. आपल्याला ती आधी मान्य करून घ्यायची आहे.

तुमच्या मनात माळीण आहे, आम्हाला माहीत आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं ते आपल्या लोकांचं गाव दरडीखाली गेलं. १५१ माणसं. एसटीच्या ड्रायव्हरला नेहमीच्या जागी गाव दिसलं नाही, तेव्हा जगाला कळलं. जवळ डिंभे धरण आहे. पण ती दरड धरणामुळे आली असं आम्ही इथे म्हणणार नाही. पाऊस अफाट होता, उतारावर केलेल्या सपाटीकरणाचीही चर्चा झाली. जे सिद्ध नाही ते बोलायचं नाही, नाहीतर खरं बोलतो तेही कोणी ऐकत नाही. पण माळीणने एवढं शिकवलं की भिजलेला डोंगर आपल्या भागातही येतो, आणि आला की पळायला वेळ देत नाही.

मग एक सरळ हिशोब करा. खालची भातखाचरं बुडणार. पुनर्वसनाची जमीन मिळेपर्यंत, किंवा मिळालीच नाही तर, माणूस जाणार कुठे? वर. गुरं वर, घर वर, नवं खाचर पाडायचं तेही उतारावर. म्हणजे डोंगर हलायची शक्यता वाढते तेव्हाच आपण जास्तीत जास्त संख्येने त्याच्यावर चढतो. आणि नकाशावर तिथे काहीच लिहिलेलं नसतं, कारण ते रेषेच्या वर आहे.

म्हणून शिबिरात पुढच्या मागण्या ठरल्या.

१. बुडीत रेषेच्या वरच्या सगळ्या उतारांची भूवैज्ञानिकांकडून पाहणी व्हावी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण हे सरकारचंच खातं आहे. पाहणीच्या वेळी पाड्यावरची जाणती माणसं बरोबर असावीत. अहवाल मराठीत ग्रामसभेपुढे वाचावा.

२. धोक्याच्या उतारावरची घरं आणि शेतं बाधित धरावीत. त्यांना खालच्यांसारखंच, जमिनीला जमीन देऊन पुनर्वसन.

३. वरच्या पाड्याखालचा रस्ता आणि खाणीतले सुरुंग पाहणी होईपर्यंत बंद. राडारोडा उतारावर आणि ओढ्यात टाकायचा नाही.

४. धरण भरताना आणि रिकामं करताना पाणी रोज किती चढवणार, किती उतरवणार, हे आधी गावाला कळवावं.

या मागण्यांचे ठराव प्रत्येक ग्रामसभेने करायचे. आपला भाग पेसाखाली येतो. ठरावाची पोच घ्यायची, आणि पोचेची एक प्रत संघटनेकडे द्यायची.

पण ठरावाची वाट पाहत डोंगराखाली झोपायचं नाही. पुढचं काम आपणच करायचं. जिथे भेग आहे तिथे तिच्या दोन्ही अंगांना एकेक खुंटी पक्की ठोका. मधलं अंतर सुतळीने मोजून तारखेसह वहीत लिहा. पावसात रोज, इतर वेळी आठवड्याला. अंतर वाढलं तर ती नोंद म्हणजे आपला पुरावा. सरळ कडांचा डबा उघड्यावर ठेवून रोजचा पाऊसही पट्टीने मोजा. भेगेत पाणी जाऊ देऊ नका. चिकणमातीने ती बुजवा आणि वरून चर काढून पाणी बाजूला वळवा.

खुणा लहान मुलांनाही शिकवा. झाडं, खांब एका बाजूला कलले. नितळ झरा अचानक गढूळ झाला, किंवा आटला, किंवा नवीन जागी फुटला. घराचं दार बसेनासं झालं. ओट्याला नवीन तडा गेला. यातल्या दोन गोष्टी एकदम दिसल्या आणि पाऊस चालू असला तर रात्र त्या घरात काढायची नाही. म्हातारी माणसं आणि बाळंतीण आधी हलवायची. कुठे जायचं ते आत्ताच ठरवा, ओढ्याच्या वाटेत नसलेली जागा पाहून.

वरच्या पाड्यावरच्या पोरींनी खुंट्या ठोकल्या आहेत. पहिल्या आठवड्यात सुतळीचं अंतर होतं तेवढंच राहिलं, दुसऱ्यात बोटभर वाढलं. त्या वहीची नक्कल घेऊन आपण येत्या सोमवारी पुन्हा कार्यालयात जातोय. मागच्या वेळी पाच जण होतो. या वेळी प्रत्येक पाड्यावरून निदान दोन माणसं पाहिजेत, त्यात एक बाई. भाकरी बांधून आणा. सकाळी नऊला एसटी थांब्यावर.

जिंदाबाद.