बहिणीचे नाव सातबाऱ्यावर कधी?

(ग्रामीण कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील भाषण)



संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे ‘आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष’ म्हणून जाहीर केले आहे. १९७५ साली आंतरराष्ट्रीय महिला वर्ष झाले, त्या वेळीही ठराव झाले, समित्या बसल्या आणि महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्यानंतर अर्धशतक लोटले. या काळात सरकारने खेड्यातील स्त्रीला काय दिले आणि काय देण्याचे टाळले, याचा झाडा घेण्यास हे वर्ष योग्य आहे.

दिलेले अगदीच थोडे नाही. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर खडी फोडण्यास स्त्रिया फार मोठ्या संख्येने आल्या. वि. स. पागे यांनी ज्या योजनेचा ध्यास घेतला होता, त्या रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला व १९७९ पासून अमलात आला. खोदलेल्या मातीच्या मापावर मजुरी ठरते, तेथे माप घेणाऱ्याला बाई-पुरुष पाहण्याचे कारण उरत नाही. या योजनेत भ्रष्टाचार झाला, मजुरी महिनोन्‌महिने रखडली, पाळणाघरे बहुधा कागदावरच राहिली, हे सर्व खरे. तरीही ‘काम मागणे हा माझा हक्क आहे’ हे वाक्य खेड्यातील स्त्रीच्या तोंडी प्रथम आले ते या कायद्यामुळे. पुढे त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींत एक तृतीयांश जागा आल्या, आणि २०११ साली महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. सरपंचबाईंच्या खुर्चीमागे त्यांचे यजमान उभे असतात म्हणून हसणारे पुष्कळ आहेत. यजमानांना न जुमानणाऱ्या सरपंचबाई मात्र त्यांना दिसत नाहीत.

२०२४ च्या जुलैपासून लाडक्या बहिणीला दरमहा दीड हजार रुपये सुरू झाले. ज्यांच्या घरी महिन्याच्या महिन्याला पगार येतो, त्यांनी या दीड हजारांची टवाळी करू नये. ज्या बाईने आयुष्यात स्वतःच्या नावावर पैसा पाहिला नाही, तिला औषधाची बाटली नवऱ्याला न विचारता आणता आली, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु जे एका शासन निर्णयाने येते ते दुसऱ्याने जाते. विधानसभेच्या निवडणुकीपूर्वी अर्ज भरून घेण्याची जी घाई होती, तिचे रूपांतर निवडणुकीनंतर छाननीत झाले आणि २०२५ मध्ये लाखो बहिणींचे हप्ते थांबले. त्यांत अपात्र किती आणि कागद अपुरे पडलेल्या किती, हा वाद चालत राहील. रोजगार हमीच्या मजुरीसाठी स्त्री तहसीलदारापुढे भांडू शकत होती. ओवाळणीसाठी भांडण्याची सोय नसते.

जे देण्याचे टाळले गेले, ते जमीन. खेड्यात माणसाची ओळख सातबाऱ्यावर असते. तो कागद वाचण्याची सवय कार्यकर्त्यांनी स्वतःला लावून घ्यावी, कारण कोणत्याही स्त्रीविषयक अहवालाहून तो अधिक बोलका आहे. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, या तीन अक्षरांमागे थोरल्या भावाचे नाव लागते आणि बाकीचे सर्व, बहिणी तर अर्थातच, झाकल्या जातात. बाप वारला आणि मुले अज्ञान असली, तर त्यांच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ असा शेरा येतो. वास्तविक ती विधवा स्वतः पहिल्या वर्गाची वारस असते. परंतु अनेक ठिकाणी तिची नोंद केवळ पालनकर्ती म्हणून होते, आणि मुलगा सज्ञान झाला की शेरा कमी होऊन तिचे नावच कागदावरून नाहीसे होते. मुलींची नावे लागलीच, तर पुष्कळदा कब्जेदार सदरी न लागता ‘इतर हक्कां’त लागतात. कर्जाचा बोजा, विहिरीतील हिस्सा, जाण्यायेण्याची वाट आणि मुलगी, अशी ती पंगत असते!

कायदा कोठे कमी पडला म्हणावे, तर तसेही नाही. डॉ. आंबेडकरांनी ज्या हिंदू संहितेपायी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, तिचा एक तुकडा १९५६ साली वारसा कायदा म्हणून मंजूर झाला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत सहदायाद केले. २००५ मध्ये ते देशभर झाले. आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, बाप त्या दिवशी हयात असो वा नसो, मुलीचा हक्क जन्मसिद्ध आहे, असा निर्वाळा दिला. इतके होऊनही २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातील वहितीदारांत स्त्रिया भरल्या सुमारे १४ टक्के. पेरणी, निंदणी, कापणी, वेचणी यांपैकी कोणते काम तिच्यावाचून होते?

या फरकाचे एक मोठे कारण हक्कसोडपत्र आहे. बाप गेला की थोड्याच दिवसांत बहिणींना दुय्यम निबंधकाच्या कचेरीत आणले जाते, साडी-चोळी होते, आणि अंगठा किंवा सही होते. शहरी सुशिक्षितांना हे बायकांचे अज्ञान वाटते. ते अज्ञान नव्हे. सासरी मारहाण झाली, नवरा गेला, तर तिला परत जाण्यास एकच दार असते, आणि त्या दाराची किंमत दीड एकराहून अधिक आहे हे ती जाणते. तिचा हिशेब चुकलेला नाही. तिला असा हिशेब करावा लागतो, हाच अन्याय आहे.

त्याची फळे तिला पुढे रोज भोगावी लागतात. नावावर जमीन नाही म्हणून सोसायटीचे पीककर्ज नाही, ‘पीएम-किसान’चे वर्षाचे सहा हजार नाहीत, नवऱ्याने आत्महत्या केली तर शेत कसण्याचा हक्कही दिराच्या मर्जीवर. आता शेतकरी ओळख क्रमांक आला आहे, तोही सातबाऱ्यावरूनच. जमिनीच्या नावाशिवायही कसणाऱ्या स्त्रीला शेतकरी मानावे, असे विधेयक डॉ. स्वामीनाथन यांनी २०१२ मध्ये राज्यसभेत मांडले होते. पुढल्या वर्षी ते व्यपगत झाले व कोणत्याही सरकारने पुन्हा हाती घेतले नाही.

यावर मार्ग सुचलेलेच नाहीत असे नाही. जयप्रकाशांच्या प्रेरणेने निघालेल्या छात्र युवा संघर्ष वाहिनीने १९७८ पासून बिहारमध्ये बोधगयेच्या मठाच्या जमिनींसाठी लढा दिला. जमीन वाटण्याची वेळ आली तेव्हा भूमिहीन बायकांनी विचारले की, लाठ्या आम्हीही खाल्ल्या, मग पट्टा एकट्या नवऱ्याच्या नावे का? अधिकारी कुटुंबप्रमुखाचा नियम दाखवीत राहिले. बायका हटल्या नाहीत, आणि काही गावांत पट्टे त्यांच्या नावे झाले. महाराष्ट्रात शेतकरी संघटनेने १९८९ नंतर ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम चालवली. शरद जोशी यांच्या खुल्या बाजाराच्या अर्थकारणाशी समाजवाद्यांचे कधी जमले नाही. परंतु हजारो शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करण्यास त्यांनी प्रवृत्त केले, हे मान्य करण्यात कोणाचा कमीपणा नाही. १९९२ मध्ये शासनाने त्या नावाचे परिपत्रकही काढले. पतीने स्वेच्छेने अर्ज केल्यास पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येते. ते ‘स्वेच्छेने’ आजही तेथेच आहे.

उलट २००६ च्या वनहक्क कायद्यात स्वेच्छेचा प्रश्नच ठेवलेला नाही. विवाहित दावेदाराचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे झालाच पाहिजे, असे कलमच आहे. म्हणजे तत्त्व सरकारने स्वीकारले आहे, तेही आदिवासींच्या बाबतीत, ज्यांना हिंदू वारसा कायदा लागू नाही. वनजमीन सरकार स्वतः देते, खाजगी जमीन कुटुंबाची असते, हा भेद खरा. पण पुनर्वसनाची जमीन, कमाल धारणेच्या कायद्याखाली वाटलेली जमीन, घरकुलाची जागा हे सर्व सरकारच देते. तेथे तरी संयुक्त नावाची सक्ती करण्यास कोणती अडचण आहे? आणि हक्कसोडपत्र नोंदवण्यापूर्वी बहिणीला एकटीला बसवून, तिचा हिस्सा किती व त्याची किंमत काय, हे वाचून दाखवण्यास निबंधकाला किती वेळ लागेल?

१ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर आईचे नाव लावणे राज्याने सक्तीचे केले. आईचे नाव मुलाच्या दाखल्यावर चालते, शेताच्या उताऱ्यावर मात्र अडते.

शिबिराहून परतल्यावर प्रत्येक शाखेने गावातील चावडीवाचनाची मागणी करावी आणि वारसांच्या नोंदी ग्रामसभेत मोठ्याने वाचून घ्याव्यात. वारसाची खबर तीन महिन्यांत तलाठ्याकडे द्यावयाची असते. फेरफाराच्या नोटिशीवर हरकतीला पंधरा दिवस असतात. ही नोटीस बहिणीच्या सासरच्या पत्त्यावर गेली की नाही, हे विचारावे. आणि गावाचे उतारे काढण्यास जाताना कार्यकर्त्यांनी पहिला उतारा आपल्या स्वतःच्या घरचा काढावा. त्यावर कोणाकोणाची नावे आहेत, हे पुढील महिन्याच्या शाखा बैठकीत प्रत्येकाने सांगावयाचे आहे.