बारा पेन्सांचे माप

मध्ययुगीन इंग्लंडमधील न्यायाचे नाव काढले की फासाचा दोर डोळ्यांपुढे उभा राहतो. कायद्याचा शब्द खरोखरच तसा होता. खून, दरोडा, जाळपोळ यांच्याबरोबर १२ पेन्सांहून अधिक किमतीच्या मालाची चोरी हाही महापराध गणला जाई, आणि महापराधाला दंड एकच, फाशी. त्या काळी एखादी मेंढी याच्याच आसपास किमतीला मिळे. म्हणजे मेंढी चोरणारा आणि माणूस मारणारा एकाच दोराचे धनी!

परंतु तेराव्या-चौदाव्या शतकांतील न्यायालयांची दप्तरे निराळेच सांगतात. खटल्यास उभे राहिलेल्यांपैकी बहुसंख्य आरोपी निर्दोष सुटत. हे कसे घडे?

१२१५ साली चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने दिव्याच्या विधीत भाग घेण्यास धर्मगुरूंना मनाई केली. तापल्या लोखंडाने किंवा पाण्याने निवाडा करण्याची जुनी रीत त्यामुळे मोडली, आणि तो भार इंग्लंडात पंचक्रोशीतील बारा गृहस्थांवर येऊन पडला. हीच ज्यूरी. आरोपी पोटासाठी चोरणारा आहे की सराईत, हे या मंडळींच्या कानांवर बहुधा आधीच आलेले असे. शेजाऱ्याची मान आणि फासाचा दोर यांच्यामध्ये त्यांचा एक शब्द उभा होता. मग चोरीच्या मालाची किंमत ते खुशाल १२ पेन्सांच्या आत बसवीत, म्हणजे प्राण वाचे व हलक्या शिक्षेवर भागे. रागाच्या भरात झालेली हत्या आत्मरक्षणार्थ झाली असे ते सांगत, आणि राजाच्या माफीची वाट मोकळी करीत.

आणखीही वाटा होत्या. चर्चच्या आश्रयास गेलेल्यास ४० दिवसांचे अभय मिळे. पुढे देशत्यागाची शपथ घेऊन त्याला बंदर गाठता येई. ज्याला वाचता येई त्याला धर्मसेवक मानून बिशपच्या स्वाधीन करीत, आणि त्याचा फास टळे.

ही दया मनाला सुखविते खरी. पण ती कोणाच्या वाट्याला येई? ज्याला गावात ओळख होती, अक्षरज्ञान होते किंवा धनवंताचा आधार होता, त्याच्या. ज्यूरीला धाकात घेणारे व पैसे चारणारे सरदारही होतेच. परक्या, निराधार भटक्याच्या बाजूने बोलावयास मात्र कोणी नसे. एकाच गुन्ह्याला एक सुटे आणि दुसरा लटके.

अपराध आणि दंड यांचे प्रमाण कायद्याने सोडले, की ते राखण्याचे काम लोक आपल्या हाती घेतात. त्यांच्या त्या धैर्याचे कौतुक अवश्य करावे. परंतु खाजगी हातांतले माप सर्वांना सारखे पडत नाही. म्हणून दया ही पंचांच्या मर्जीवर न सोडता कायद्याच्या अक्षरातच असावी लागते. तेथेच ती अनोळखी माणसाच्याही वाट्याला येते.